आराखडा छापण्याआधी लोकांना विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जवळपास चार वर्षे प्रशासकांच्या हाती राहिलेल्या पुणे महापालिकेला जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर पुन्हा लोकनियुक्त सभागृह मिळाले आहे. मार्च 2022 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून जे विषय मुख्य सभेत चर्चेने ठरायचे, ते एका सहीने ठरत होते. आता 41 प्रभागांतून 165 नगरसेवक सभागृहात बसले आहेत. शहराची वाढ कोठे, किती आणि कशी होऊ द्यायची हा प्रश्न त्यांच्यासमोर येणे अटळ आहे, कारण 2007 ते 2027 या वीस वर्षांसाठी केलेल्या आराखड्याची वर्षे संपत आली आहेत आणि नव्याने हद्दीत आलेल्या गावांचे नियोजन अजून मार्गी लागलेले नाही. या सभागृहाला माझी एकच विनंती आहे. विकास आराखड्याचा प्रारूप नकाशा तयार झाल्यावर लोकांकडून हरकती मागवण्याची आजवरची रीत पुरेशी नाही. नकाशावर पहिली रेषा पडण्याआधी लोकांना विचारले जाईल, असा ठराव मुख्य सभेने करावा.

ही विनंती करण्याचा माझा अधिकार एवढाच की, नगररचनेच्या कामात आरेखक म्हणून मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला. आधी ट्रेसिंगच्या कापडावर, मग कागदावर आणि नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत संगणकावर मी आरक्षणांच्या, म्हणजे शाळा-उद्यानांसारख्या सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांच्या, आणि रस्त्यांच्या रेषा ओढल्या. आपल्याकडे बोलताना आपण म्हणतो की अमक्याच्या जमिनीवर आरक्षण ‘पडले’, तमक्याच्या मळ्यावर शाळा ‘पडली’, घरावरून डीपी, म्हणजे विकास आराखड्यातला, रस्ता ‘गेला’. वीज पडावी तसे हे बोलणे आहे. करणारा त्यात कोणी दिसतच नाही. प्रत्यक्षात प्रत्येक रेषा कोणीतरी बसून ओढलेली असते, आणि ती ओढताना त्याच्यासमोर असलेली माहिती जेवढी खरी, तेवढीच ती रेषा खरी असते.

माहिती किती खरी असते, हे सांगण्यासारखे आहे. आमच्या जुन्या गावनकाशांचे प्रमाण एक इंचास दहा साखळ्या, म्हणजे नकाशावरचा एक इंच जमिनीवर 7920 इंच (1:7920). विकास योजनेचा नकाशा वेगळ्या प्रमाणाचा. एकावर दुसरा बसवताना बांध जुळत नाहीत, ओढे सरकतात, आणि कोठेतरी तडजोड करावी लागते. शिवाय 1:10,000 प्रमाणाच्या नकाशावर पेनाची अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर पाच मीटर रुंद होते. गावठाणातले तीन खणी घर साधारण तेवढ्याच रुंदीचे असते. म्हणजे रेषेची कोणती कड धरायची, एवढ्यावर एखाद्याचे घर राहते किंवा जाते. आता उपग्रहाची छायाचित्रे आणि संगणक आले, त्यामुळे मोजणीतली चूक बरीच कमी झाली हे मी मान्य करतो. पण वरून घेतलेल्या छायाचित्रात विहिरीचे पाणी कोण भरते, पावसाळ्यात पाणी कोणत्या बोळातून वाहते, किंवा मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर दर आठवड्याला बाजार भरतो की नाही, हे आजही दिसत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या प्रारूप आराखड्यावर हरकती घेणे चालू होते. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. नकाशा जिन्याजवळच्या भिंतीवर, डोक्याच्या वर लावला होता. त्यावरची सगळी अक्षरे इंग्रजी. एक वयस्कर बाई सात-बाराचा उतारा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘बाळा, यात आमची विहीर कुठं हाय ते दाव.’’ त्यांचा गट नंबर मी शोधून दिला. त्या गटावर उद्यानाचे आरक्षण होते आणि शेजारून बारा मीटरचा रस्ता जात होता. विहीर नकाशावर नव्हतीच. उन्हाळ्यात आसपासची घरे त्या विहिरीवर पाणी भरतात, हे त्यांनी सांगितले. मग रस्त्याच्या रेषेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘हितनं पावसाचं पाणी जातं. तुम्ही तर हितंच रस्ता काढलाय.’’ आमच्या सर्वेक्षणात ती ओघळ आलेली नव्हती, कारण सर्वेक्षण उन्हाळ्यात झाले होते आणि त्या दिवसांत तेथे कोरडी जमीन होती. लेखी हरकतीची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. काही वर्षांनी तो रस्ता झाला. आता जोराचा पाऊस झाला की त्या रस्त्याकडेच्या घरांत पाणी शिरते. ती रेषा माझ्या हातची होती, आणि त्या बाई हरकत घेण्यासाठी नव्हे, तर सहा महिने आधी माहिती देण्यासाठी यायला हव्या होत्या, हे मला तेव्हापासून पक्के वाटते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार नियोजन प्राधिकरण, म्हणजे येथे महापालिका, कलम 23 खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. कलम 25 खाली सर्वेक्षण करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. त्यानंतर प्रारूप आराखडा बनतो, कलम 26 खाली तो प्रसिद्ध होतो आणि ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ यांची नियोजन समिती कलम 28 खाली सुनावणी घेऊन अहवाल देते, आणि शेवटी शासन मंजुरी देते. या सगळ्या साखळीत सामान्य माणसाला बोलावणे येते ते रस्ते, आरक्षणे आणि विभाग ठरून नकाशा रंगवून झाल्यावर. तोवर त्याच्या बोलण्याला ‘सूचना’ असे नाव असले तरी कामकाजात ती हरकतच असते, आणि हरकतीकडे अडथळा म्हणून पाहण्याची कार्यालयांची सवय मी आतून पाहिलेली आहे.

याचा परिणाम काय होतो, ते पुण्याने पुरेपूर भोगले आहे. जुन्या हद्दीचा 2007 ते 2027 या काळाचा प्रारूप आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सुमारे 87 हजार हरकती व सूचना आल्या. रोज आठ तास बसून प्रत्येकाला दोन मिनिटे दिली, तरी 87 हजार जणांचे ऐकण्यास एकही सुट्टी न घेता 362 दिवस लागतात. दोन मिनिटांत आपला सर्व्हे नंबर सांगूनही होत नाही. सुनावण्या झाल्या, नियोजन समितीच्या सदस्यांत मतभेद झाले, आराखडा मुदतीत पुढे गेला नाही, आणि मार्च 2015 मध्ये राज्य शासनाने तो महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिला. मंजुरी मिळाली ती जानेवारी 2017 मध्ये. वीस वर्षांचा आराखडा त्यातली पहिली दहा वर्षे उलटून गेल्यावर लागू झाला. ज्या आरक्षणांसाठी जागा राखायच्या होत्या, त्यांतल्या कितीतरी जागांवर तोपर्यंत इमारती उभ्या राहिल्या होत्या, हे या शहरात राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या, प्रारूप आराखड्याचे त्याहून वाईट झाले. 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला, सुमारे 67 हजार हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि 2025 मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द करण्याचा निर्णय घेतला. जून 2021 मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांचे नियोजनही याच प्राधिकरणाकडे सोपवले गेले होते. त्या गावांत आज टँकरच्या पाण्यावर मोठमोठ्या सोसायट्या राहतात, रस्ते पाणंदींच्या रुंदीचे आहेत, आणि आराखडा नाही. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये मे 2025 मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा तेथेही सभागृह नव्हते, आणि साठ दिवसांत जवळपास 50 हजार हरकती आल्या. ही संख्या लोक जागरूक झाल्याची खूण आहे, असे कोणी म्हणतात. मला ती लोकांना आधी विचारले नाही याची खूण वाटते.

उशिरा विचारण्याने वेळ जातो, हे झाले. पण त्याहून मोठे नुकसान माहितीचे होते, आणि त्याची किंमत माणसे मोजतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. घरांत, सोसायट्यांच्या वाहनतळांत पाणी शिरले, भिंती पडल्या, माणसे वाहून गेली. कात्रजपासून खाली येणारा तो ओढा पूर्वी कोठून वाहत होता, किती रुंद होता, त्याला कोठे कोठे दुसरे ओहोळ मिळत होते, हे त्या काठच्या जुन्या रहिवाशांना ठाऊक होते. 1961 च्या जुलैमध्ये पानशेत फुटले तेव्हा पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे दाखवणारी माणसे नदीकाठच्या पेठांत आजही भेटतात. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून विसर्ग सोडल्यानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा तेथील रहिवाशांनी कोणत्या इमारतीत कधी पाणी येते याचा क्रमच सांगितला असता. ही माहिती कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात मिळत नाही. ती प्रभागात मिळते, आणि मागितली तरच मिळते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. नवे नियोजन ज्या लोकसंख्येवर आधारायचे, ती शेवटची मोजलेली आकडेवारी 2011 ची आहे. त्या वेळी महापालिका हद्दीत 31 लाखांहून थोडी अधिक वस्ती होती. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली, क्षेत्रफळ 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेले, आणि पुढची जनगणना 2027 ची आहे. अशा वेळी कोणत्या भागात शाळेत एका वर्गात किती मुले बसतात, कोणत्या दवाखान्यात सकाळी सातला रांग लागते, कोणत्या वस्तीला स्मशानभूमीसाठी किती लांब जावे लागते, हे त्या त्या भागातल्या माणसांकडूनच कळणार आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. त्यावर शहराबरोबरच खालच्या तालुक्यांतील शेतीचाही हक्क आहे. वाढीला किती परवानगी द्यायची हा शेवटी पाण्याचा प्रश्न आहे, आणि नळ आल्यावर किती मिनिटे चालतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

लोकांनी लावून धरल्यामुळे चांगले काही होत नाही, असेही नाही. 1997 मध्ये समाविष्ट झालेल्या गावांमधील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण असावे यासाठी पुणेकरांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, सभा घेतल्या, आणि 2015 मध्ये साडेनऊशेहून अधिक हेक्टर क्षेत्रावर ते मंजूर झाले. उलट, बालभारती ते पौड फाटा हा टेकडीवरून जाणारा रस्ता 1987 च्या आराखड्यात दाखवला गेला आणि त्यावरचा वाद अजूनही मिटलेला नाही. 2023 मध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो लोक रस्त्यावर आले होते. रस्ता हवा की नको, यावर येथे मला बोलायचे नाही. नकाशावर एकदा ओढलेली रेषा पिढ्यान्‌पिढ्या पुसता येत नाही, म्हणून ती ओढण्याआधी बोलणे स्वस्त पडते, एवढेच मला दाखवायचे आहे.

आधी विचारण्याचे प्रयोग आपल्या आसपास झालेले आहेत. गोव्यात 2011 पर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनानंतर जानेवारी 2007 मध्ये रद्द झाला. त्यानंतरच्या 2021 च्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते, आणि त्या वेळी नकाशे गावोगावच्या पंचायतींकडे पाठवून ग्रामस्थांनी त्यावर आपली टिपणे घालावीत, अशी पद्धत अवलंबली गेली. पुढे त्या आराखड्याचे राजकारणात काय झाले हा वेगळा भाग. पण गावाने आपली शेते, तळी आणि देवराया आपल्या हाताने नकाशावर दाखवाव्यात, ही कल्पना तेथे प्रत्यक्षात आली. मुंबईचा धडा उलट्या बाजूचा आहे. तेथे विद्यमान जमीन वापराचा नकाशा आधी खुला केला, विषयवार कार्यशाळा घेतल्या, लोकांनी चुका दाखवल्या. तरी फेब्रुवारी 2015 मध्ये आलेल्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये शासनाला तो नव्याने करण्यास सांगावे लागले, आणि सुधारित आराखडा मंजूर व्हायला 2018 उजाडले. लोकांनी सांगितलेले कोठे नोंदले, त्याचे पुढे काय केले, याचा हिशेब द्यायची सोय नसेल तर कार्यशाळा घेऊनही हातात काही राहत नाही.

म्हणून ठरावात काय असावे, याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. विद्यमान जमीन वापराचा नकाशा पंधराही क्षेत्रीय कार्यालयांत, मराठीत, सर्व्हे नंबर आणि ओळखीच्या खुणांसह, डोळ्यांच्या उंचीवर लावावा आणि किमान एक पावसाळा लोकांसाठी खुला ठेवावा. पावसाळा म्हणण्याचे कारण वर आलेच आहे. प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा भरवाव्यात. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद 2009 मध्येच झालेली आहे. ती बहुतांशी कागदावर राहिली, पण रद्द झालेली नाही. आता जवळपास प्रत्येक प्रभागात चार-चार नगरसेवक असल्यामुळे नेमके कोणाला सांगायचे हे लोकांना कळत नाही. चौघांनी एकत्र बसून क्षेत्रसभा घेतली तर तो गोंधळही थोडा कमी होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आलेल्या प्रत्येक माहितीला क्रमांक द्यावा आणि ती स्वीकारली की नाकारली, नाकारली असल्यास का, हे दोन ओळींत लेखी कळवावे. ‘विचारात घेण्यात येईल’ हे उत्तर मी स्वतः शेकडो कागदांवर टंकलेले पाहिले आहे. त्या उत्तराने माणूस पुन्हा कार्यालयाची पायरी चढत नाही. यातील कशालाही कायद्याची आडकाठी नाही. कायदा किमान काय करावे ते सांगतो; त्याहून अधिक लोकसहभाग घेऊ नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पहिलीच बाब नगररचनेसह नागरी नियोजनाची ठेवली आहे, आणि ती लोकनियुक्त संस्थेच्या भरवशावर ठेवली आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. त्यातला एक मी नोकरीत रोज ऐकत असे: लोक फक्त आपल्या जागेपुरते बोलतात, शहराचे हित पाहत नाहीत. हरकतीच्या टप्प्यावर ते अगदी खरे आहे, कारण घरावरून रस्ता गेल्याचे कळल्यावर माणूस घराबद्दलच बोलणार. पण त्याच माणसाला आधी विचारले की तुमच्या भागात मुलांना खेळायला कोठे जावे लागते, तर तो भागाबद्दल बोलतो. पुणे महापालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्यास सुरुवात केली, तेव्हा लोकांनी पदपथ, दिवे, बाक, स्वच्छतागृहे अशी सार्वजनिक कामेच सुचवली होती. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आधी चर्चा केली तर जमिनींचे व्यवहार करणारे सावध होतात, आरक्षण येणाऱ्या जागा विकल्या जातात, भाव फुगतात, म्हणून प्रारूप गुप्त राहिले पाहिजे, असे सांगितले जाते. ही भीती खोटी नाही. पण ज्यांना या माहितीतून पैसा करायचा असतो, त्यांच्यापासून ती किती गुप्त राहते, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे. गुप्तता पाळली जाते ती सात-बारा पिशवीत घेऊन येणाऱ्या माणसापासून. शिवाय मी आरक्षणे आधी जाहीर करा असे म्हणत नाही. विहीर, ओढा, पाणंद, बाजार, शाळेची गर्दी, पुराची खूण, म्हणजे जे आज जमिनीवर आहे, ते लोकांकडून तपासून घ्या, असे म्हणतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. नकाशा लावला तरी तो वाचायचा कसा, हे बहुतेकांना येत नाही, आणि कार्यालयातील कर्मचाऱ्यांना त्यासाठी वेळ नसतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. माझ्या ओळखीचे आठ-दहा निवृत्त आरेखक आणि भूकरमापक पुण्यात राहतात. त्यांच्याशी बोलून हे लिहीत आहे. महापालिकेने क्षेत्रीय कार्यालयांत नकाशे लावले, तर दर शनिवारी सकाळी दहा ते एक या वेळेत तेथे बसून, येणाऱ्यांना त्यांचा सर्व्हे नंबर शोधून देण्यास आणि ते सांगतील ते विहित कागदावर मराठीत लिहून घेण्यास आम्ही तयार आहोत. मानधन नको. एक टेबल, एक भिंग आणि नकाशावर नीट उजेड पडेल एवढी सोय हवी.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक
कोथरूड, पुणे